खर्जाचे राखणदार

संगीताचा इतिहास लिहितांना आपण बहुधा गाणाऱ्याचाच इतिहास लिहितों. त्याच्या मागें बसून किंवा उभें राहून ज्यानें गाण्यास आधार दिला, त्याला एखाद्या तळटीपेंत जागा मिळाली तरी पुष्कळ झालें असें आपण मानतों. हा अन्याय म्हणावा, कीं आधार देण्याच्या धर्माचीच ती अपरिहार्य अट समजावी, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यांत एका लहानशा प्रसंगानें माझ्यापुढें उभा केला.

जळगांवांत लताबाईंच्या गाण्यांचा एक कार्यक्रम होता. वाद्यवृंदाच्या अगदीं मागच्या रांगेंत धुळ्याचा एक तरुण चार तारांची बेस गिटार घेऊन उभा होता. तो एके काळीं माझा विद्यार्थी होता. निवेदकानें गायिकेची, सतारवाल्याची, बांसरीवाल्याची, तबलजीची ओळख करून दिली. ह्याचें नांव मात्र राहून गेलें. कार्यक्रम संपल्यावर मीं त्याला त्याबद्दल विचारलें. "सर, मी चुकलो असतो ना, तर सगळ्यांनी मागं वळून पाहिलं असतं," एवढेंच तो हंसून म्हणाला. उत्तर नम्र होतें आणि खरेंहि होतें. परंतु त्यानें माझें समाधान झालें नाहीं. त्या असमाधानांतून प्रस्तुत लेख झाला आहे.

प्रथम त्या वाद्याविषयीं दोन शब्द. पाश्चात्य वाद्यवृंदांत खालच्या स्वरांचें काम पूर्वी व्हायोलिनच्या कुळांतील, माणसाहूनहि उंच अशा 'डबल बेस' ह्या वाद्याकडे असे. तें वाहून नेणें कठीण, आणि तुताऱ्या व ढोल यांच्या गदारोळांत त्याचा आवाज पोंचणें त्याहून कठीण. त्यास विजेची जोड देण्याचा प्रयत्न १९३० नंतरच्या दशकांत सिॲटल शहरीं पॉल टटमार्क यानें केला. परंतु तें वाद्य सर्वत्र रूढ झालें तें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें आपली भरीव लांकडाची बेस गिटार बाजारांत आणल्यावर. नेहमींच्या गिटारींतील जाड चार तारा एक सप्तक खालीं उतरवाव्या, म्हणजे ह्या वाद्याची रचना झाली. गळ्याशीं पडदे बसविलेले असल्यामुळें स्वर अचूक लागतो. म्हणून फेंडरनें त्याला अचूकतेचेंच नांव दिलें.

ह्या वाद्याचें कार्य आपल्या वाचकांस तंबोऱ्यावरून चटकन समजेल. तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं शेवटची खर्जाची. ती एकटी छेडली तर तींत कांहीं रंजकता नाहीं. परंतु ती उतरली तर गवई कितीहि सुरेल असो, त्याच्या पायाखालची जमीन जाते. पाश्चात्य पद्धतींत हा आधार स्थिर नसतो, तो पदोपदीं सरकतो, आणि त्यांतच बेसवादकाची सत्ता आहे. वर सा, ग, प हे तीन स्वर एकत्र वाजत आहेत अशी कल्पना करा. त्यांच्या खालीं षड्ज धरला तर सारें प्रसन्न वाटतें. तेथेंच मंद्र धैवत धरला तर वरचा एकहि स्वर न बदलतां त्या प्रसन्नतेवर उदासीची छाया पडते. अर्थ बदलला; पण कोणीं बदलला हें श्रोत्यास कळत नाहीं. खालच्या नादाची ही जादू आपल्या मुलखास नवी नाहीं. सातपुड्यांतील पावरा लोकांच्या होळींत मोठ्या ढोलाचा घुमारा कानांआधीं छातीस जाणवतो, हें ज्यानें अनुभविलें आहे त्याला अधिक सांगणें नको.

आतां आपल्या खानदेशाकडेच पाहूं. जळगांवच्या खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचें नांव आहे, आणि तें योग्यच आहे. कारण नारायण श्रीपाद राजहंस यांचे बालपणाचे कांहीं दिवस ह्या गांवीं गेले आणि महबूबखां यांच्याकडून गाण्याचे पहिले धडे त्यांनीं येथेंच घेतले. पुढें १९०५ त ते किर्लोस्कर मंडळींत गेले, १९१३ त गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि त्यांच्या गळ्यानें महाराष्ट्राला वेड लावलें. ही कथा सर्वांस पाठ आहे. परंतु त्या गळ्याखालीं कोण होतें? सारंगीवर कादरबक्ष, आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा.

थिरकवा मुरादाबादचे. घराणें सारंगियांचें, आरंभीं शिक्षणहि गाण्याचें व सारंगीचें. मग मुनीरखां यांच्या हाताखालीं तबल्याची खडतर तालीम. बोटें तबल्यावर जणू थिरकतात, नाचतात, म्हणून त्यांना हें नांव पडलें. स्वतंत्र वादनांत तासन् तास सभा खिळवून ठेवील एवढें विद्याधन ज्याच्यापाशीं होतें, तो पुरुष गंधर्व मंडळींत कित्येक वर्षें नाट्यपदांस ठेका देत बसला. नाट्यपदाची साथ म्हणजे काय? त्रिताल, दादरा, केरवा असे सुबोध ताल. गाणाऱ्याची तान कोठें संपणार हें आधीं ओळखावयाचें, डग्ग्यावर मनगट किंचित दाबून नाद लांबवावयाचा, आणि समेवर गायकाला अलगद उतरवून घ्यावयाचें. त्यांत आपल्या पेशकार-कायद्यांना जागा नाहीं. ज्याला थोडें येतें त्याला थोडें वाजविणें सोपें असतें. ज्याला सर्व येतें त्यानें थोडें वाजविणें ही तपश्चर्या आहे. थिरकवांच्या साथीचें मोल त्यांनीं वाजविलेल्या बोलांइतकेंच त्यांनीं राखून ठेवलेल्या बोलांत होतें.

येथें एक गोष्ट विसरूं नये. थिरकवांचें आयुष्य तेथेंच संपलें नाहीं. पुढें रामपूर दरबारीं त्यांना आश्रय मिळाला, लखनौच्या भातखंडे महाविद्यालयांत ते अध्यापक झाले, स्वतंत्र तबलावादक म्हणून देशभर त्यांचा मान झाला, आणि १९७० सालीं सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें. १९७६ त लखनौस त्यांचें निधन झालें तेव्हां त्यांचें नांव कोणाच्याहि छायेंत नव्हतें. राखून ठेवलेलें धन उधळावयास त्यांना स्वतःची बैठक मिळाली. ती ज्यांना मिळत नाहीं त्यांची कथा वेगळी आहे.

नाटकाचा काळ ओसरून बोलपटाचा आला आणि साथीदारांचा मुक्काम मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पडला. ह्या युगाची स्वरसम्राज्ञी लताबाई. त्यांचें आजोळहि आमच्याच तापीकांठचें, शिरपूर तालुक्यांतील थाळनेर. त्यांच्या मागें वाजणाऱ्या वाद्यवृंदांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता, आणि त्यास ऐतिहासिक कारण आहे. पोर्तुगीज अमलांत गोव्याच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचावयास शिकवीत. गुरुमुखानें शिकलेला उत्तरेकडील वादक श्रेष्ठ असला तरी कागदावरून पन्नास जणांबरोबर एका क्षणीं सूर धरणें ही त्याची विद्या नव्हे. ती गोमंतकीयांपाशीं होती. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे वाद्यवृंदरचनाकार शंकर-जयकिशन यांच्या चालींस भरदार अंग देत. पुढें डबल बेसची जागा बेस गिटारीनें घेतली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ यांनीं ती वाजविली. बर्मन यांचीं गाणीं आपण गुणगुणतों, तेव्हां पुष्कळदां शब्दांआधीं ओठांवर येते ती खालच्या तारांची चाल. पण तबकडीच्या वेष्टणावर गायक, गीतकार व संगीतकार एवढ्यांचींच नांवें. वाजविणाऱ्यानें दिवसाची बिदागी घेतली, आणि त्याचा त्या गाण्याशीं संबंध संपला.

ह्या विस्मरणास एक गमतीचा अपवाद आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे मोठे शिक्षक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' ह्या चित्रपटांतील नायकाच्या तोंडीं, एका विनोदी गाण्यांत, प्यारेलाल यांनीं आपल्या गुरूचें पूर्ण नांव घातलें. तें नांव देशांतील पोराटोरांच्या तोंडीं झालें; पण तें एका खऱ्या माणसाचें आहे हें किती जणांस ठाऊक होतें? साथीदाराचें नांव अजरामर झालें तेंहि असें दुसऱ्याच्या मुखवट्याखालीं.

परदेशांत तरी निराळें होतें काय? अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं १९५९ त मोटाऊन ही तबकडी कंपनी निघाली. तिच्या गायकांनीं जग जिंकलें. त्या गाण्यांपैकीं बहुतेकांच्या खालीं जेम्स जेमरसन नांवाच्या एका माणसाचें एकच बोट होतें. उजव्या हाताच्या तर्जनीनेंच तो सर्व वाजवी, आणि तार तुटल्याखेरीज बदलीत नसे. त्यानें बेसला नुसत्या आधारांतून काढून गाण्याशीं संवाद करावयास लाविलें. त्याच्या मागून आलेला क्वचितच कोणी बेसवादक त्याच्या ऋणांतून मुक्त असेल. परंतु कंपनीच्या तबकड्यांवर वादकांचीं नांवें नसत. त्याचें नांव छापलें गेलें तें १९७१ त, मार्विन गे याच्या प्रसिद्ध तबकडीवर. पुढें कंपनी डेट्रॉइट सोडून गेली, व्यसनानें त्याला ग्रासलें, आणि १९८३ त वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं तो गेला. मोठा सन्मान मिळाला तो २००० सालीं, मरणोत्तर.

त्याच काळांत लॉस एंजेलिसला कॅरोल के नांवाची एक बाई हाच व्यवसाय करीत होती. ती मूळची जाझ गिटारवादक. १९६३ च्या सुमारास एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाहीं म्हणून तिनें बेस हातीं घेतली आणि ती पुढें तिचीच झाली. तिनें ह्या कलेकडे त्याग म्हणून पाहिलें नाहीं कीं कीर्ति म्हणून पाहिलें नाहीं. हा एक प्रामाणिक धंदा आहे, त्यानें घर चालतें, आणि जें येतें तें दुसऱ्यास शिकवावें, अशी तिची वृत्ति. १९६९ त तिनें बेसवादनाचें पुस्तक लिहून स्वतः प्रसिद्ध केलें. २०२५ त मोठा सन्मान दारीं आला तेव्हां तिनें तो नाकारला. ध्वनिमुद्रणगृहांतील वादकांचें काम खरोखर कसें होतें याचें प्रतिबिंब त्यांत पडत नाहीं, असें तिचें म्हणणें.

तिसरा मार्ग जेको पास्टोरियस याचा. त्यानें गिटारीचे पडदेच उपटून काढले, आणि सारंगीसारखी मींड देणारें तें वाद्य घेऊन १९७६ त तो थेट रंगमंचाच्या पुढें येऊन उभा राहिला. बेस गाऊं शकते हें त्यानें सिद्ध केलें. परंतु मानसिक व्याधीनें त्याचें मन विसकटलें, आणि १९८७ त एका क्लबाबाहेर झालेल्या मारहाणींत पस्तिसाव्या वर्षीं त्याचा अंत झाला. पुढें येण्याची ही शिक्षा, असें कोणी म्हणेल तर तें निर्दय आणि खोटेंहि होईल. जेमरसन तर मागेंच राहिला होता, त्याचें काय भलें झालें?

ह्या चरित्रांवरून एक धडा काढण्याचा मोह होतो: मागें बसावें, निष्काम सेवा करावी, नांवाची हांव धरूं नये. आपल्या परंपरेला हा धडा फार रुचतो. मला तो अर्धाच मान्य आहे. कला चालू असतांना स्वतःस विसरणें हा साथीदाराचा गुण आहे, तो थिरकवांत होता आणि जेमरसनमध्येंहि होता. पण कला संपल्यावर त्याला विसरणें हा आपला दोष आहे, आणि त्याच्या गुणाच्या आड आपण आपला दोष लपवितों. त्याग त्यानें केला म्हणजे कृतज्ञतेंतून आपली सुटका होत नाहीं.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास हें खानदेशांत तरी सांगावें लागूं नये. मराठ्यांचा इतिहास म्हणजे कांहीं थोड्या पुरुषांचीं चरित्रें नव्हेत, हें ज्या राजवाड्यांनीं १८९८ पासून बावीस खंड प्रसिद्ध करून दाखविलें, त्यांनीं १९२६ च्या अखेरीस देह ठेवला तो धुळ्यासच, आणि त्यांचीं दफ्तरें जतन करणारें संशोधन मंडळहि तेथेंच आहे. घराघरांच्या माळ्यावरील कागद त्यांनीं धुंडाळले, म्हणून कित्येक अप्रसिद्ध माणसें इतिहासांत आलीं. संगीताच्या इतिहासालाहि तीच दृष्टि हवी. नाटक मंडळ्यांचे जमाखर्च, कार्यक्रमांच्या पत्रिका, ध्वनिमुद्रणाच्या नोंदवह्या ह्यांत साथीदारांचीं नांवें मिळतील, त्यांना काय पगार मिळे हेंहि कळेल. आज आपण जीं पत्रकें टाकून देतों, तींच उद्यांचीं साधनें आहेत.

त्या कार्यक्रमाची छापील पत्रिका माझ्यापाशीं आहे. तींतहि त्या तरुणाचें नांव नाहीं. मीं तें शाईनें मागच्या बाजूस लिहिलें. त्याखालीं तारीख, त्याचें वाद्य आणि तो कोणापाशीं शिकला हेंहि लिहिलें, आणि पत्रिका इतर कागदांबरोबर बांधून ठेवली आहे.