पिक्सेल अंतर, एलईडी पडद्यावरील
पिक्सेल अंतर : एलईडी पडद्यावर शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांच्या मध्यबिंदूंमधील अंतर. ते मिलिमीटरमध्ये सांगतात. व्यवहारात त्याला ‘पिच’ म्हणतात आणि आकड्याआधी ‘पी’ लावून पडद्याची जात सांगतात : पी१० म्हणजे दहा मिमी. अंतराचा, पी२.५ म्हणजे अडीच मिमी. अंतराचा. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके जवळ घेतले की त्याच उंबऱ्यापुढे नाजूक नक्षी मावते, दूर घेतले की ती ढोबळ होते. पडद्याचेही तसेच आहे. हे अंतर दिव्याच्या कडेपासून कडेपर्यंत नव्हे, मध्यापासून मध्यापर्यंत धरतात. प्रत्यक्ष तपासताना सलग दहा अंतरे पट्टीने मोजून दहाने भागावे, म्हणजे मोजण्यातली चूक दहा ठिकाणी वाटली जाते.

आकडे व संकेत : एक चौ.मी. पडद्यावर पी१० जातीचे १०,००० पिक्सेल बसतात, पी५चे ४०,०००, पी२.५चे १,६०,००० आणि पी१.२५चे ६,४०,०००. अंतर निम्मे झाले की पिक्सेल चौपट होतात. रंगीत पडद्यात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा व निळा असे किमान तीन दिवे लागतात आणि त्यांना चालवणाऱ्या चिपांची संख्याही वाढते. किंमत दरवेळी नेमकी चौपट होत नाही, पण तिच्या चढाचे मूळ येथेच आहे.

पी३.९१, पी२.६, पी४.८१ असे अडनिडे आकडे पाहून ग्राहक गोंधळतो. त्यांचा उगम सुताराच्या हिशेबासारखा सरळ आहे. भाड्याने देण्याच्या पडद्यांची पेटी, म्हणजे कॅबिनेट, बहुधा ५०० मिमी. रुंद असते. तिचे १२८ सारखे भाग केले तर एक भाग ३.९१ मिमी., १९२ केले तर २.६ आणि १०४ केले तर ४.८१. दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसणारे पी१०चे मॉड्यूल, म्हणजे पडद्याचा जोडता येणारा सुटा तुकडा, ३२० × १६० मिमी. असते व त्यात ३२ × १६ पिक्सेल असतात. हा १६ ओळींचा आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. देवनागरीच्या संदर्भात तो पुढे पुन्हा येईल.

काही पडद्यांत शेजारच्या पिक्सेलांचे दिवे आळीपाळीने वाटून घेऊन चित्र बारीक केल्याचा भास निर्माण करतात. त्याला व्हर्च्युअल पिक्सेल म्हणतात. अशा पडद्याचे कागदावरचे अंतर खऱ्या अंतराच्या निम्मे लिहिलेले असू शकते. चेहरे व निसर्गदृश्ये त्यावर बरी दिसतात, पण अक्षरांच्या कडा रंगीत होऊन विस्कटतात. खरेदीच्या कागदावर भौतिक अंतर लिहून घ्यावे.

इतिहास : निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी केला. तेजस्वी निळा एलईडी मात्र १९९३ पर्यंत बाजारात नव्हता. तो शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत सिद्ध केला. या कामासाठी त्यांना इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांच्यासह २०१४चे भौतिकीचे नोबेल मिळाले. निळ्याच्या अभावी तोवरचे फलक लाल, हिरवे आणि दोहोंच्या मिश्रणाने पिवळे एवढेच होते. १९८५ च्या त्सुकुबा प्रदर्शनात गाजलेला सोनीचा जम्बोट्रॉन हा एलईडी पडदा नव्हता, तरी मोठ्या पडद्यांना त्याचे नाव चिकटून राहिले. १९९७ मध्ये यू-टू या वाद्यवृंदाने आपल्या पॉपमार्ट दौऱ्यात सुमारे ७०० चौ.मी.चा एलईडी पडदा फिरवला. त्यातील पिक्सेल एकमेकांपासून कित्येक सेंमी. दूर होते. याच वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांनी २०२३ मध्ये लास व्हेगासचे स्फिअर हे गोलाकार सभागृह सुरू झाले. या गोलाच्या बाह्यांगावर सुमारे १२ लाख दिवे-चकत्या आठ-आठ इंचांवर, म्हणजे सुमारे २०० मिमी. अंतरावर बसवल्या आहेत. एवढे मोठे अंतर तेथे दोष ठरत नाही, कारण पाहणारा काही शे मीटर दूर असतो. दुसऱ्या टोकाला चित्रपटगृह आहे. सोलमधील लॉट्टे वर्ल्ड टॉवरमध्ये २०१७ साली बसवलेल्या सॅमसंगच्या चित्रपट-पडद्याच्या सुमारे १०.३ मी. रुंदीत ४०९६ पिक्सेल आहेत, म्हणजे अंतर सुमारे २.५ मिमी.

पाहण्याचे अंतर : निवडीचा पाया डोळ्याच्या क्षमतेवर आहे. डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अक्षरतक्त्यात निर्दोष नजरेला एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो असे धरले आहे. या कोनातून गणित केले तर पिक्सेल अंतराच्या सुमारे ३,४४० पट दूर गेल्यावर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणजे दर मिमी.मागे सुमारे ३.४ मी. : पी२.५साठी ८.६ मी., पी५साठी १७ मी., पी१०साठी ३४ मी.

विक्रेते सांगतात तो ‘एक मिमी.ला एक मीटर’ हा ठोकताळा याहून बराच सैल आहे. त्या अंतरावर ठिपके दिसतातच, फक्त हलत्या चित्राकडे लक्ष असल्याने ते खुपत नाहीत. ‘एक मिमी.ला दहा फूट’ हा दुसरा ठोकताळा ३.०५ मी. देतो व डोळ्याच्या गणिताच्या जवळ जातो. कोणता पाळावा यावर एकमत नाही. पहिल्याला किमान अंतर आणि दुसऱ्याला सुखकर अंतर मानले तर दोघांतला विरोध बराचसा मिटतो.

देवनागरी मजकूर : वरील सर्व नियम चित्रासाठी घडले आहेत आणि ते रोमन अक्षरांनाही पुरतात, कारण रोमन अक्षर ५ × ७ ठिपक्यांतही ओळखू येते. मराठी पाटीला ते पुरत नाहीत. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार असे तीन मजले देवनागरीला लागतात. १६ ओळींच्या मॉड्यूलवर वरच्या मजल्याला चार-पाच, शिरोरेखेला एक आणि खालच्याला तीन ओळी दिल्या की अक्षराच्या अंगाला सात-आठ ओळी उरतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्यात बसवून पाहावा : अर्धा ष, ट आणि टखालचा काकपदासारखा र एवढ्या जागेत सुटे राहत नाहीत.

याहून गंभीर अडचण नजरेच्या गणितात आहे. एक ओळ जाड रेघांच्या अक्षरात अनुस्वार आणि शिरोरेखा यांच्यामध्ये एकच रिकामी ओळ असते. पी१०वर ती १० मिमी. भरते आणि ३४ मी. पलीकडे डोळ्याला दिसेनाशी होते. पण ठिपके मिसळून अक्षर गुळगुळीत दिसू लागते तेही ३४ मी.वरच. म्हणजे वाचक जवळ असेल तर त्याला ठिपके दिसतात आणि दूर असेल तर मात्रा गळतात. स्वच्छ वाचण्याचा पट्टा जवळजवळ उरतच नाही. ‘भांडे’चे ‘भाडे’ होते ते याच जागी. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद तर दोन-तीन ठिपक्यांवर उभा असतो. रेल्वे स्थानकांवर मराठी ‘नागपूर’ आणि हिंदी ‘नागपुर’ ही दोन्ही रूपे येतात, आणि खालच्या मजल्याला दोनच ओळी असतील तर ती एकसारखी दिसतात. भाषेच्या दृष्टीने हा किरकोळ दोष नव्हे. ज्या पाटीवर शुद्धलेखन पाळणे शक्यच नाही ती पाटी मराठी पाटी म्हणून अपुरी आहे.

यावर उपाय आहे आणि तो निवडीच्या वेळीच करता येतो. रेघा दोन ठिपके जाड आणि मधली फट दोन ओळींची धरली तर अक्षराला ३२ ओळी लागतात. पी५च्या ३२० × १६० मिमी. मॉड्यूलमध्ये ६४ × ३२ पिक्सेल असतात, म्हणजे पाटीची उंची तीच राहून ओळी दुप्पट मिळतात. आता ठिपके १७ मी.वरच मिसळतात आणि फट ३४ मी.पर्यंत टिकते. १७ ते ३४ मी. असा निर्वेध वाचनाचा पट्टा हाती लागतो. म्हणून देवनागरी मजकुराच्या पडद्यासाठी आधी ओळी ठरवाव्यात, मग सर्वांत दूरच्या वाचकावरून अक्षराची उंची, आणि उंचीला ओळींनी भागून येईल ते पिक्सेल अंतर घ्यावे. अंतर आधी ठरवून त्यात मराठी कोंबण्याचा उलटा क्रम आज सर्वत्र दिसतो.

रात्री जास्त उजेड ठेवला तर तेजोवलयामुळे फटी आधीच बुजतात. सूर्यास्तानंतर तेज उतरवणे हा वाचनीयतेचा भाग आहे, केवळ वीजबचतीचा नव्हे.

निवडीची उदाहरणे : लग्नसमारंभात व सभेत ‘बारा बाय आठ’ फुटी पडद्याची मागणी असते. पी३.९१ जातीच्या अर्ध्या मीटरच्या सात आडव्या व पाच उभ्या अशा ३५ पेट्या लावल्या की पडदा ३.५ × २.५ मी. होतो आणि त्यावर ८९६ × ६४० पिक्सेल मिळतात. फुल एचडी चित्रात १९२० × १०८० असतात. म्हणजे आलेल्या चित्रातले जवळजवळ तीन चतुर्थांश पिक्सेल पडद्यावर पोहोचतच नाहीत. संगणकावर ४० पिक्सेल उंचीने सुबक दिसणारे नाव येथे १९ ओळींत आकसते आणि वर सांगितलेली सगळी संकटे त्याच्यावर येतात. नवरा-नवरीची नावे, आडनावांतली जोडाक्षरे, वक्त्यांची पदे यांसाठी मजकूर थेट ८९६ × ६४० मापातच तयार करून द्यावा. यासाठी वेगळा खर्च लागत नाही.

मंगल कार्यालयात पहिली रांग चार-पाच मीटरवर असते, तेथे पी३.९१ ‘मीटरला मिमी.’ या मापाने जेमतेम पुरतो आणि पी२.६ समाधान देतो. मैदानावरील सभेत मंचापुढचा ‘डी’ आकाराचा भाग रिकामा सोडलेला असल्याने जवळचा श्रोताही १० मी.च्या आसपास असतो, तेथे पी३.९१ किंवा पी४.८१ योग्य ठरतो. गावोगाव फिरणाऱ्या एलईडी चित्ररथाभोवती मुले अगदी टेकून उभी राहतात. त्यांच्यासाठी अंतर कमी करण्यापेक्षा पडदा उंच बसवणे परवडते. हमरस्त्यावरच्या फलकाला पी१० पुरतो, मात्र मजकूर चार-पाच शब्दांचा व पुरेसा मोठा हवा. नियंत्रण कक्ष, बैठकीच्या खोल्या व वृत्तवाहिन्यांचे स्टुडिओ येथे १.५ मिमी.च्या आसपासचे किंवा त्याखालचे अंतर वापरतात.

कॅमेऱ्यासमोर : पडद्याची जाळी आणि कॅमेऱ्याच्या संवेदकाची जाळी एकमेकींवर आल्या की चित्रात लहरी उठतात. याला मॉइरे म्हणतात. बारीक अंतर निवडले तर त्या कमी होतात. पडदा कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर ठेवला तरी त्या कमी होतात. ‘द मँडलोरियन’ या २०१९ च्या मालिकेत पार्श्वभूमीला २.८४ मिमी. अंतराच्या पडद्यांची सुमारे २० फूट उंच वर्तुळाकार भिंत होती. मोबाइलवर टिपलेल्या चित्रात आडवे काळे पट्टे येतात त्याचे कारण मात्र अंतर नसून पडद्याचा कमी रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र ताजे होण्याचा कमी वेग, असतो. चित्रीकरणासाठी ३,८४० हर्ट्झचा पडदा मागतात.

उघड्यावर : दर चौ.मी.ला सुमारे ५,००० कँडेला तेज व धूळ-पाणी रोखणारे आयपी६५ आवरण लागते. पिक्सेल जितके दाट तितके त्यांच्यामधले सील करणे व उष्णता बाहेर काढणे अवघड, म्हणून उघड्यावरचे अंतर सहसा घरातल्यापेक्षा मोठे असते. ठिपक्यांमधला भाग गडद काळा असेल तर त्याच अंतराचा पडदा उन्हात जास्त ठसठशीत दिसतो.

वीज : अंतरापेक्षा तेजावर अधिक अवलंबून.

देखभाल : पडदा घेतानाच त्याच उत्पादन-गटातील काही जादा मॉड्यूल घेऊन ठेवावीत. नंतर आणलेल्या मॉड्यूलचे अंतर जुळते, पण रंगछटा जुळत नाही आणि बदललेला चौकोन पडद्यावर ठिगळासारखा उठून दिसतो.