आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? सरकारला उपाशी ठेवायची गोष्ट

समजा, तुमच्या धाकट्या भावाला उधळपट्टीची सवय लागलीये. सांगून सांगून सगळे थकले. मग घरचे काय करतात? पॉकेटमनी कमी करतात. ५ फेब्रुवारी १९८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन टीव्हीवरून देशाला साधारण हेच उदाहरण देत होते. त्यांच्या गोष्टीतलं उधळं पोरगं म्हणजे सरकार, आणि पॉकेटमनी म्हणजे लोकांचा कर.

या डावपेचाला नाव पडलं 'स्टार्व्ह द बीस्ट', म्हणजे जनावराला उपाशी ठेवा. हिशोब सोपा होता. 'तुमची पेन्शन कापतो' म्हणून मतं मिळत नाहीत, 'कर कापतो' म्हटलं की मिळतात. मग आधी कर कापू. तिजोरी आटली की खर्च कापावाच लागेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मतं मिळतात हे कॅलिफोर्नियाने आधीच दाखवलं होतं. तिथे घरांच्या किमती भराभर वाढल्या आणि त्यासोबत मालमत्ता करही. स्वतःच्याच घराचा कर भरताना पेन्शनवरची म्हातारी माणसं मेटाकुटीला आली. हॉवर्ड जार्व्हिस यांनी मोहीम उघडली आणि जून १९७८ मध्ये सुमारे ६५ टक्के मतांनी 'प्रपोझिशन १३' पास झालं. मालमत्ता करावर १ टक्क्याची मर्यादा आली. लोकांचा राग खरा होता, हे विसरू नका.

आता वॉशिंग्टनला येऊ. ऑगस्ट १९८१ मध्ये रेगन यांनी कर कपातीच्या कायद्यावर सही केली. प्राप्तिकराचा सगळ्यात वरचा दर ७० टक्क्यांवरून ५० वर आला. खर्चाला कात्री लावायचं काम बजेटप्रमुख डेव्हिड स्टॉकमन यांच्याकडे होतं. वय फक्त ३४! पण कात्री चालणार कुठे? संरक्षण खर्च तर सरकारलाच वाढवायचा होता. म्हाताऱ्यांच्या पेन्शनला हात लावायची हिंमत दोन्ही पक्षांत नव्हती. गरिबांच्या काही योजना कापल्या गेल्या, पण त्याने खड्डा भरेना. १९८२ मध्ये काही कर परत वाढवावे लागले. तरीही रेगन पायउतार झाले तोवर देशाचं कर्ज जवळपास तिप्पट झालं होतं. जनावर उपाशी राहिलंच नाही, ते उधारीवर जेवत राहिलं.

पुढे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी २००१ आणि २००३ मध्ये कर कापले. त्याच काळात दोन युद्धं सुरू झाली आणि ज्येष्ठांच्या औषधांची मोठी योजनाही आली.

असं का झालं? उत्तर रेगन यांच्याच एका आर्थिक सल्लागाराने शोधलं. विल्यम निस्कानन यांनी १९८१ नंतरचे आकडे तपासले, तर कर कमी असताना खर्च उलट वाढलेला दिसला. त्यांचं म्हणणं असं, की १०० रुपयांची सेवा आज ८० रुपयांत मिळाली, तर लोक ती जास्तच मागणार. 'आत्ता घ्या, पैसे नंतर' हे बटण आपण फोनवर किती सहज दाबतो, तसंच. फरक इतकाच, की इथे हप्ते भरणारे पुष्कळसे तेव्हा जन्मलेही नव्हते.

आणि उधारीची सोयच नसेल तर? २०१२ मध्ये कॅन्सस राज्यात गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी मोठी कर कपात केली. अमेरिकेतल्या राज्यांना केंद्रासारखी तूट वर्षानुवर्षं ओढता येत नाही. त्यामुळे चटका लगेच बसला. २०१५ मध्ये पैशाअभावी काही शाळांनी वर्ष ठरल्या दिवसाआधीच संपवलं. शेवटी २०१७ मध्ये ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार ओलांडून बरीचशी कपात मागे घेतली. कारण आता किंमत समोर दिसत होती.

सरकार छोटं असावं की मोठं, यावर तुमचं माझं मत वेगळं असू शकतं. पण छोटं हवं असेल तर नेमकं काय बंद करणार, हे आधी सांगावं लागतं. ते न सांगता कोणी करमाफी देऊ केली, तर विचारा: हा ऋण काढून सण तर नाही ना? आणि ते ऋण कोणाच्या नावावर?