जीर्ण वास्तूंची छायाचित्रे

सौंसर परिसरातील रामाकोना गावावरून धावणारी नागपूर-छिंदवाडा अरुंदमापी गाडी, लोकांची ‘छोटी लाईन’, २०१५ मध्ये बंद झाली व पुढे तेथे रुंद मार्ग आला. त्या गाडीचे रूप आता छायाचित्रांतच उरले आहे. जुन्या देवालयांची गतीही याहून निराळी नाही.

या संदर्भात मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांचे उदाहरण उद्बोधक आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली. अनेक वर्षांच्या परिश्रमांनी सिद्ध झालेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. परंतु गिल यांनी मध्यंतरी कॅमेराही हाती घेतला होता. अजिंठा, वेरूळ, लोणार येथील त्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. रंगविलेली प्रत एकच असते. एका काचेवरून मात्र अनेक प्रती निघतात. म्हणूनच ती छायाचित्रे टिकली.

जीर्णोद्धार हे पुण्यकर्म खरे. परंतु पहिला दगड हलविण्यापूर्वी चारही दिशांनी, मापाची काठी शेजारी ठेवून, छायाचित्रे घ्यावीत. झिजलेले शिलालेख तिरप्या उन्हात टिपावेत. प्रत्येक चित्रामागे तिथी व स्थळ लिहावे आणि प्रती एकाहून अधिक ठिकाणी जपाव्यात. देवालयाच्या दप्तरात दानपत्रांइतकेच या चित्रांचे मोल आहे, हे महाजनांनी ध्यानी घ्यावे.