विजेची लहर आणि अंकांची साक्ष

चंद्रपूर-गडचिरोली म्हटले की साग, बांबू आणि ताडोबाचे वाघ आठवतात. याच वनपट्ट्यातील चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत वीज नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. तिची लांबी सुमारे ७५२ किलोमीटर, दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट आणि क्षमता १,५०० मेगावॉट आहे.

चंद्रपूरच्या टोकाला थायरिस्टरच्या साहाय्याने प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर होते. या क्रियेत ५० हर्ट्‌झच्या मूळ लहरीत तिच्या पटीतील लहरी मिसळतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. बारा स्पंदांच्या रचनेत ११, १३, २३ आणि २५ या पटी, म्हणजे ५५०, ६५०, १,१५० आणि १,२५० हर्ट्‌झ, ठळक असतात. त्या शोषून घेण्यासाठी फिल्टर बसवितात. फिल्टर काम करतात की नाही, हे मोजणीवरूनच कळते आणि डिजिटल मोजणीचा पाया असतो अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तक, म्हणजेच एडीसी.

मोठा दाब प्रथम काही व्होल्टवर आणला जातो. एडीसी त्याचे ठरावीक अंतराने नमुने घेऊन प्रत्येकाला अंक देतो. सोळा बिटांच्या एडीसीत ६५,५३६ पायऱ्या असतात. १० व्होल्टच्या मर्यादेत एक पायरी सुमारे ०.१५ मिलिव्होल्टची होते. मात्र हे झाले कागदावरचे. प्रत्यक्ष कस पाहण्यासाठी चिप उत्पादक चाचणी-पट्टी आणि तिच्यासोबत मूल्यमापन सॉफ्टवेअर देतात.

चाचणीची रीत सोपी आहे. एडीसीपेक्षाही निर्दोष अशी साइन लहर द्यावी. सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यांचा वेग आणि संख्या, उदाहरणार्थ ८,१९२, निवडून नमुने टिपावेत. टिपणात लहरीची पूर्ण आवर्तने बसावीत; अन्यथा तिची ऊर्जा शेजारच्या वारंवारतांत सांडते आणि आलेख फसवा दिसतो. पहिल्या आलेखात लहरीचा आकार दिसतो. फूरिये विश्लेषणाच्या आलेखात मूळ लहर, हार्मोनिक आणि गोंगाट वेगळे होतात. स्थिर दाब देऊन काढलेल्या स्तंभालेखात अंक किती विखुरतात, हे समजते.

आदर्श सोळा बिटांसाठी संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर सुमारे ९८ डेसिबल असते. गोंगाट आणि विकृती धरून प्रत्यक्षात ८६ डेसिबल मिळाले, तर त्यातून १.७६ वजा करून ६.०२ ने भागावे. उत्तर येते सुमारे १४. म्हणजे उपयोगी बिट चौदाच.

सर्वांत महत्त्वाची चाचणी वेगाची. सेकंदाला १,६०० नमुने घेणाऱ्या एडीसीला १,२५० हर्ट्‌झची लहर द्यावी. आलेखात शिखर दिसते ३५० हर्ट्‌झवर! ही ५० हर्ट्‌झची सातवी पट; बारा स्पंदांच्या रचनेत ती बव्हंशी नाहीशी व्हायला हवी. म्हणजे असे मापक बसविले, तर अभियंता नसलेला बिघाड शोधत राहील आणि पंचविसाव्या पटीचा खरा दोष दडून जाईल. अपेक्षित सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेणे आणि त्यापुढील लहरी एडीसीपूर्वीच फिल्टरने अडविणे, हाच यावर उपाय होय. एकदा खोटी लहर अंकांत उतरली की खरी कोणती, हे त्या अंकांवरून सॉफ्टवेअरलाही सांगता येत नाही. म्हणूनच अंकांची साक्ष ग्राह्य धरण्यापूर्वी साक्षीदाराची उलटतपासणी टेबलावरच उरकून घ्यावी.