गेडिस यांचा अहवाल आणि इंदूरची वेस

आपल्या ग्रंथालयाच्या शतकभराच्या वाटचालीत इंदूरची वेस कितीदा पुढे सरकली, याचा हिशेब मांडणे अवघड आहे. वाढते शहर कोणत्या दिशेने आणि कोणाच्या सोयीने वाढावे, हा प्रश्न मात्र येथे फार लवकर उपस्थित झाला होता. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानास पाचारण केले आणि १९१८ साली त्यांचा द्विखंडात्मक अहवाल प्रसिद्ध झाला.

गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. त्यामुळे शहराकडेही ते सजीव वस्तू म्हणून पाहत. जुनी वस्ती पाडून सरळ, रुंद रस्ते काढण्याची तत्कालीन रीत त्यांना मुळीच मान्य नव्हती. अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाडे लावावीत, विहिरी व तळी बुजवू नयेत. आणि गर्दी हटवायची ती गावाबाहेर बागांसह आखलेल्या नव्या वस्त्यांत, असे त्यांचे सांगणे होते. गिरण्यांमुळे मजूरवर्ग वाढत असताना हा सल्ला विशेष मोलाचा होता.

त्या वर्षांत प्लेगची दहशत होती. गेडिस यांनी एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीच्या मिरवणुकीचा मार्ग जाहीर केला: जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ, त्याच्यातून मिरवणूक जाईल! लोकांनी घरे झाडली, रंगवली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर काढल्या. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, आणि सफाई कामगार शुभ्र वस्त्रांत, मानाने चालत होते. २०१७ पासून स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकाचा अभिमान मिरवणाऱ्या इंदूरकरांनी ही हकिकत मुलांना अवश्य सांगावी.

वेशीच्या बाबतीत मात्र आपण तितके भाग्यवान ठरलो नाही. नगर तथा ग्राम निवेश अधिनियम १९७३ साली आला. त्यानुसार झालेल्या विकास योजनेची मुदत १९९१ पर्यंत होती. पुढची, २०२१ सालासाठीची योजना लागू झाली ती १ जानेवारी २००८ रोजी. अशी योजना शेतजमीन कोठे राखायची, रस्ते व मैदाने कोठे सोडायची, हे घरे उभी राहण्यापूर्वी ठरवते. नवी योजना येईपर्यंत शहर थांबत नाही. डायव्हर्शन न झालेल्या शेतांचे तुकडे नोटरीच्या कागदावर विकले जातात, नळ-गटारांशिवाय कॉलन्या उभ्या राहतात, आणि मग त्या वैध करण्याची मागणी येते. घेणारा बहुधा गरीब असल्याने ती मागणी सहज धुडकावताही येत नाही. दोष केवळ विकणाऱ्याचा नव्हे; स्वस्त आणि रीतसर जागा वेळेवर उपलब्ध न करणाऱ्या व्यवस्थेचाही तो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खजराना, पिपल्याहाना ही एके काळची खेडी आज शहराच्या पोटात आहेत. पिपल्याहान्याच्या तलावाच्या जागेत न्यायालयाची इमारत बांधण्याच्या बेताविरुद्ध २०१६ साली नागरिक रस्त्यावर उतरले होते. तळी बुजवू नका, हे गेडिस यांनी दरबारास सांगून तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती.