खाचेविना स्लॉट : एका जुगारी यंत्राच्या स्थित्यंतराचा इतिहास

वस्तू नाहीशी झाल्यावरही तिचे नाव मागे उरावे, हा भाषेच्या इतिहासातील नित्याचा अनुभव होय. इंग्रजीतील ‘स्लॉट’ ह्या शब्दाचा येथील मूळ अर्थ नाणे टाकण्याची खाच एवढाच आहे. आज आंतरजालावर त्याच नावाने जो जुगार चालतो त्यात खाच नाही, नाणे नाही आणि चाकही नाही. पडद्यावर मात्र चाके फिरताना दिसतात. तेव्हा कॅसिनोतील यंत्र आणि आंतरजालावरील खेळ ही एकाच वस्तूची दोन रूपे होत काय, की नावाचे सातत्य त्यांतील भेद झाकीत आहे, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर यंत्राच्या इतिहासातच शोधावे लागते.

1891 च्या सुमारास ब्रुकलिन येथील सिटमन आणि पिट ह्यांच्या यंत्रात पाच नळकांड्यांवर पत्ते लावलेले असत. बक्षीस मात्र दुकानदार आपल्या हाताने देई. त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्को येथे चार्ल्स फे ह्या बव्हेरियात जन्मलेल्या कारागिराने ‘लिबर्टी बेल’ हे यंत्र बनविले. त्याने चाकांची संख्या तीनवर आणली आणि चिन्हे थोडकी ठेवली. त्यामुळे जिंकलेली नाणी यंत्रालाच मोजून देता येऊ लागली. तीन घंटा एका ओळीत आल्या की 50 सेंट मिळत. बाजूचा दांडा ओढून खेळावयाच्या ह्या यंत्राला पुढे ‘एकहाती दरोडेखोर’ हे टोपणनाव मिळाले. ह्या अवस्थेत दैव प्रत्यक्ष लोखंडात वसत होते. चाकावर किती जागा आहेत हे ज्याला ठाऊक असेल, त्याला जिंकण्याचा संभव गणिताने काढता येत असे.

1963-64 मध्ये बॅली कंपनीच्या ‘मनी हनी’ ह्या यंत्रात वीज आली, आणि मोठ्या नाणेपेटीमुळे मोठी बक्षिसे देणे शक्य झाले. 1976 मध्ये लास व्हेगास येथे चाकांऐवजी चित्रपडदा असलेले यंत्र पुढे आले. परंतु निर्णायक फरक घडला तो 1984 मध्ये इंगे टेल्नेस ह्यांना मिळालेल्या एकस्वामुळे. त्यांच्या योजनेत निकाल संगणक यादृच्छिक संख्येने आधी ठरवितो आणि चाके त्या निकालानुसार थांबविली जातात.

ह्याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. प्रत्येकी 22 जागांची तीन चाके घेतली आणि प्रत्येकावर सर्वोच्च चिन्ह एकदाच असले, तर ते जुळण्याचा संभव 10,648 मध्ये एक इतका असतो. संगणकातील कल्पित चाकाला 64 जागा दिल्या की तोच संभव 2,62,144 मध्ये एक होतो. डोळ्यांपुढे मात्र 22 जागांचेच चाक फिरत असते. शिवाय सर्वोच्च चिन्हाच्या लगतच्या जागांना अधिक संख्या नेमून दिल्यास ‘थोडक्यात हुकले’ असा भास वारंवार निर्माण करता येतो. म्हणजे येथे चाक हे केवळ चिन्ह उरले. अर्थ अन्यत्र ठरू लागला.

ह्या दृष्टीने पाहता आंतरजालावरील खेळ हा मूळ क्रांती नव्हे. तो 1984 च्या क्रांतीचा वारस आहे. दैव संख्येत गेल्यावर पेटी अपरिहार्य राहिलीच नव्हती. 1994 मध्ये अँटिग्वा आणि बार्बुडा ह्या राष्ट्राने केलेल्या कायद्याच्या आधारे आंतरजालावरील जुगाराला परवाने मिळू लागले, आणि पेटीही गळून पडली. दोहोंतील खरा भेद निकालाच्या पद्धतीत नाही. तो स्थळ, काळ आणि गती ह्यांत आहे. कॅसिनोला दार असते, तेथवर जावे लागते आणि तेथून परतावे लागते. आंतरजालावर हे अंतर उरत नाही.

कायद्याच्या इतिहासातही हीच वाटचाल दिसते. अमेरिकेतील 1951 च्या कायद्याने जुगारी यंत्रांची राज्याराज्यांतील वाहतूक नियंत्रित केली. कारण तेथे अडवून धरता येईल अशी वस्तू होती. तेथीलच 2006 च्या कायद्याला आंतरजालावरील जुगाराच्या पैशांची देवघेव अडवावी लागली. ब्रिटनने 2021 मध्ये एका फेरीस किमान 2.5 सेकंदांचे बंधन घातले आणि 2025 मध्ये पणाची मर्यादा ठरविली. 18 ते 24 वर्षांच्या व्यक्तींना ती 2 पौंड आणि त्यांहून मोठ्यांना 5 पौंड अशी आहे. दार नाहीसे झाल्यावर गतीला आणि रकमेला उंबरठा घालण्याचा हा यत्न होय.

आपल्याकडेही हा क्रम आढळतो. गोव्याने 1992 मध्ये आपल्या 1976 च्या जुगारविषयक कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत अशा यंत्रांना वाट करून दिली. म्हणजे परवानगी स्थळाशी बांधलेली होती. महाराष्ट्राचा 1976 चा कॅसिनो-कायदा कधी अमलातच आला नाही व 2023 मध्ये तो रद्द झाला. संसदेने 2025 मध्ये संमत केलेला ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा मात्र स्थळाचा विचार न करता पैशांचा खेळ, त्याची जाहिरात आणि त्यासाठीची देवघेव ह्यांवर बंदी घालतो.

सारांश, ‘स्लॉट’ हे नाव आणि फिरत्या चाकाचे चित्र ही जुन्या यंत्राची स्मृतिचिन्हे होत. फेच्या यंत्रापुढे उभा असलेला मनुष्य निदान जे पाहत होता त्याच्याशीच खेळत होता. आजच्या खेळाडूस, मग तो कॅसिनोत बसलेला असो वा घरी, ते भाग्य उरलेले नाही. आणि घरी बसलेल्यास तर उठून जाण्यासाठी दारही नाही.