कलम (फॉन्ट)

देवनागरी आणि रोमन या दोन लिप्यांसाठी घडवलेला, सहज हस्ताक्षराच्या वळणाचा फॉन्ट. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. आरेखन लिपी रावल यांनी जॉनी पिनहॉर्न यांच्यासोबत केले. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाडींत तो मिळतो. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत उपलब्ध आहे. परवाना खुला असल्याने छापील व व्यावसायिक कामातही तो विनाशुल्क वापरता येतो.

कलमची अक्षरे उजवीकडे झुकलेली आहेत. हा कल मुळातच तसा रेखाटलेला आहे, आणि मराठी मजकुरासाठी ही बाब महत्त्वाची ठरते. देवनागरी छपाईत रोमनप्रमाणे तिरप्या अक्षरांची जुनी, रुळलेली परंपरा नाही. संगणकावर ‘इटॅलिक’चे बटण दाबले की बहुतेक वेळा सरळ अक्षर नुसते एका बाजूला ढकलले जाते, त्यामुळे काना लवंडतो आणि गोलाई चेपते. कलममध्ये तसे होत नाही. लाइट आणि रेग्युलर या जाडींत रेषेची रुंदी जवळजवळ सारखी राहते. बोरूचे टोक तिरके छाटलेले असल्याने बोरूने लिहिलेल्या अक्षरात जाड-बारीक रेषांचा ठसठशीत खेळ दिसतो. इथे तो नाही. वहीत बॉलपेनने किंवा स्केचपेनने भरभर लिहिलेल्या अक्षराशी याचे नाते आहे.

असा फॉन्ट करण्यातली खरी अडचण अक्षरांच्या सांध्यांत असते. हात शब्द लिहितो, फॉन्टमध्ये मात्र सुटे घटक साठवलेले असतात आणि कोणता घटक कोणाशेजारी येईल हे आधी ठाऊक नसते. देवनागरीत हा प्रश्न तीन ठिकाणी येतो: अक्षराच्या डोक्यावर, पायाशी आणि बाजूला. शिरोरेषा एका अक्षरातून दुसऱ्यात न तुटता जायला हवी. ‘नि’ची पहिली वेलांटी ‘क्षि’ला पुरत नाही, म्हणून रुंदीनुसार वेलांट्यांची वेगवेगळी रूपे लागतात. रफार आणि मात्रा एकाच जागी आल्या तर त्यांची टक्कर टाळावी लागते. ‘र्के’, ‘र्कीं’ अशी जुळणी लिहून पाहिली की हे लगेच दिसते. युनिकोडच्या मूळ देवनागरी विभागात १२८ जागा आहेत. कलमच्या प्रत्येक जाडीत मात्र १,०२५ अक्षररूपे आहेत. त्यांत रोमन अक्षरेही आली, पण या संख्येमागे जोडाक्षरांचा मोठा वाटा आहे. हस्ताक्षरी फॉन्टची पारख सुट्या ‘क’, ‘म’वरून करू नये. ‘राष्ट्रीय’, ‘उद्घाटन’, ‘कर्तृत्व’ हे शब्द त्यात कसे बसतात ते पाहावे. त्या कसोटीवर कलम विश्वासाचा वाटतो, कारण तो फार मोकळे होण्याच्या मोहात पडत नाही. अक्षरे हातची वाटतात, तरीही ओळ शिस्तीत राहते.

हाताचे वळण छपाईत आणण्याची खटपट मराठीला नवी नाही. शिळाप्रेसवर लेखकूचे अक्षर जसेच्या तसे उमटत असे. सुट्या अक्षरांच्या खिळ्यांची छपाई रुळल्यावर ते मागे पडले. पुढे नाटकांच्या जाहिराती आणि पुस्तकांची मुखपृष्ठे यांतून ते परतले. कमल शेडगे यांनी रेखाटलेली नाटकांची नावे आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. तिथे प्रत्येक नावासाठी अक्षरे नव्याने रेखाटली जात. फॉन्टकडून ती अपेक्षा करता येत नाही: त्यात एकाच ओळीत चार वेळा आलेला ‘त’ चारही वेळा हुबेहूब तोच असतो. त्यामुळे पुस्तकाच्या किंवा नाटकाच्या नावासाठी कलम वापरणे ही तडजोड आहे. पैसे आणि वेळ असेल तर सुलेखनकाराकडे जावे. युनिकोडपूर्व काळातही हस्ताक्षरी वळणाचे देवनागरी फॉन्ट होते, पण तो फॉन्ट ज्या संगणकावर नसे तिथे मजकुराच्या जागी चिन्हांची खिचडी दिसे. कलम युनिकोडवर आधारलेला असल्याने मजकूर शोधता येतो आणि सहज दुसऱ्या फॉन्टमध्ये नेता येतो.

माणूस बोलतो आहे असे वाटणाऱ्या छोट्या मजकुराला कलम शोभतो: चित्रकथेतले संवादफुगे, बालवाडीचे तक्ते, पुरवणीतली चौकट, घरगुती कार्यक्रमाचे निमंत्रण, पाककृतीशेजारची टीप. परिपत्रक, प्रमाणपत्र, औषधाची सूचना किंवा शोकसंदेश यांसाठी तो वापरू नये. अशा चुकीच्या वापराचे उदाहरण म्हणजे कॉमिक सॅन्स. हा फॉन्ट व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी, पडद्यावरच्या कार्टूनपात्रांचे संवाद डोळ्यांपुढे ठेवून केला. तो गंभीर सूचनाफलकांवर जाऊन बसला आणि टीकेचा धनी झाला. त्यात दोष वापरणाऱ्यांचा होता.

कलममध्ये सलग दोन-तीन पानांचा मजकूर लावला तर झुकलेल्या रेषांनी डोळे थकतात. ओळींमध्ये नेहमीपेक्षा थोडे जास्त अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. आधीच तिरप्या असलेल्या अक्षरांवर पुन्हा ‘इटॅलिक’ लावू नये. शालेय साहित्यासाठी वापरताना ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे छपाईआधी तपासून घ्यावीत: महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेतील अक्षरांची रूपे ठरवून दिली आहेत आणि मुले वहीत तीच गिरवतात.